यंत्राचं कुंकू

बेगम बाजारात सौर दिव्यांचा धंदा करणाऱ्या कुणालाही विचारा, हिम्मतराव जाधवांचं दुकान तो डोळे मिटून दाखवील. चीनहून खोकी यायची. हिम्मतराव ती उघडायचे, दिव्याच्या पोटावर ‘त्रिवेणी सोलर’ असा सोनेरी कागद चिकटवायचे आणि खोकं पुन्हा बंद करायचे. धंदा झकास चालला होता आणि तसाच चालत राहिला असता. पण नारायणगुड्याला एका मुंजीच्या पंगतीत प्रोफेसर यशवंतरावांनी शेजारच्या पाहुण्याला त्यांची ओळख करून दिली, “हे आमचे हिम्मतराव. स्टिकर चिकटवतात.”

पंगत हसली. वाढपीसुद्धा हसला, आणि हसताना त्याच्याकडून हिम्मतरावांना जिलबी वाढायची राहून गेली. दोन्ही जखमा खोल होत्या.

हे यशवंतराव म्हणजे विद्यानगरात हिम्मतरावांच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणारे शेजारी. जन्मभर अर्थशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर ऐकायला विद्यार्थी उरले नाहीत, मग जिन्यात भेटेल त्याला शिकवायला लागले. हिम्मतराव तळमजल्यावर राहत असल्यामुळे त्यांची हजेरी रोजच लागायची.

घरी येऊन हिम्मतरावांनी कोट काढायच्या आधीच जाहीर केलं, “त्रिवेणी, मी कारखाना काढतो.”

“जेवून आलात ना? मग पडा जरा,” त्रिवेणीबाई म्हणाल्या.

पण हिम्मतराव पडले नाहीत, पेटले. दिव्याचं पॅनेल स्वतः करायचं, स्वतःच्या शेडमध्ये, स्वतःच्या माणसांकडून. आता पॅनेल करायचं तर यंत्र हवं. हिम्मतरावांनी चौकशी केली. जर्मन यंत्राची किंमत ऐकून त्यांनी फोन खाली ठेवला. चीनचं यंत्र आवाक्यातलं होतं आणि काम तेच करत होतं. शिवाय तिथल्या कंपनीला रविवारी सकाळी प्रश्न विचारला, तर रविवारीच दुपारी उत्तर आलं. रविवारी दुपारी आपल्याकडे कोण दार तरी उघडतं का?

“म्हणजे चीनचा माल बंद करायला तुम्ही चीनमधूनच यंत्र आणणार,” यशवंतराव जिन्यात म्हणाले आणि छान हसले.

हिम्मतराव खाली आले. चपला काढताना त्यांना उत्तर सुचलं. तसेच पुन्हा वर गेले, घंटी वाजवली आणि म्हणाले, “विळी बाहेरगावची असली म्हणून भाजी बाहेरगावची होत नाही!” आणि उत्तराची वाट न बघता खाली आले.

बालानगरच्या मागच्या अंगाला शेड मिळाली. मग वीज. वीज कचेरीतल्या साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला. “एमंडी,” म्हणजे अहो, “ये सोलर की फॅक्टरी है ना?” “हौ साब.” “फिर करंट कायकू मांगते?” हिम्मतरावांनी समजावलं की पॅनेल आधी तयार व्हायला लागतं, मग त्यातून वीज निघते. साहेबांना काही ते पटलं नाही. लोकांना म्हणायचं उन्हावर चाला आणि स्वतः मात्र आमच्या तारेवर चालायचं, हा त्यांना सरळसरळ दुटप्पीपणा वाटत होता. अर्ज तीनदा मागे आला. शेवटी ते साहेब यशवंतरावांचे जुने विद्यार्थी निघाले, वीज आली आणि तेव्हापासून भागातल्या समस्त औद्योगिकीकरणाचं श्रेय यशवंतराव स्वतःकडे घेऊ लागले.

यंत्र आलं ते शेडच्या दारापेक्षा मोठं. क्रेनवाला खाजामियाँ बराच वेळ दाराकडे आणि यंत्राकडे आळीपाळीने बघत राहिला. मग म्हणाला, “साब, इसकू अंदर लेना है तो दीवार कू बाहर निकालो.” भिंत निघाली. कुठली काढायची यावर शेजारच्या तीन कारखान्यांतली माणसं जमून भांडली, कारण पूर्वेची काढली तर वास्तू बिघडते आणि पश्चिमेची काढली तर ट्रक वळत नाही. वास्तू बिघडली, पण ट्रक वळला.

यंत्र उभं करून द्यायला कंपनीची इंजिनियर येणार होती. तिचा व्हिसा काही केल्या होईना. तेव्हा तिने कळवलं, फोन यंत्रासमोर धरा, मी इथून सांगते. आणि खरोखरच सांगितलं. लिन असं तिचं नाव. हिम्मतराव तिला लिनबाई म्हणू लागले. लिनबाईंचं मोडकं इंग्रजी, हिम्मतरावांची बेगम बाजारी हिंदी आणि मध्ये हिम्मतरावांची मुलगी निशिगंधा. रोज सकाळी ही बैठक बसायची. कुठला स्क्रू, किती फिरवायचा, कुठला पट्टा सैल, कुठला ताठ. एकच गोष्ट पाच वेळा विचारली तर बाई पाच वेळा सांगत. आवाज एका सुरात. हिम्मतराव त्रिवेणीबाईंना म्हणाले, “एवढा धीर माझ्या सासूबाईंनीसुद्धा माझ्या बाबतीत दाखवला नव्हता.”

आणि यंत्र सुरू झालं तेव्हा! पापडाहून पातळ निळे सेल, उन्हातून वीज करणारे. माणसाच्या हातात आले की कड मोडायची. यंत्र ते अलगद उचलायचं, चमकत्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडायचं, खालून काचेच्या गोल खिडकीतून कॅमेऱ्याने बघायचं आणि चीर दिसली तर तो सेल बाजूला काढून ठेवायचं. हिम्मतराव तासभर नुसते बघत उभे राहिले. त्यांच्या लहानपणी सौर पॅनेल ही उपग्रहाला लावायची चीज होती. चीनच्या लोकांनी ती इतकी बनवली, इतकी बनवली, की आता ती झहीराबादकडच्या खेड्यांत गोठ्यांवर येऊन बसली होती. पहिल्या पॅनेलवर पहिला दिवा लागला तसे ते डोळे पुसायला शेडबाहेर गेले आणि धूळ फार आहे असं सगळ्यांना सांगत परत आले.

मग त्यांनी ती गोष्ट केली जिच्याबद्दल त्रिवेणीबाई त्यांना अजून बोलतात. बाहेरून येणारे तयार दिवे बंद करून टाकले. तारामती आणि तिच्याबरोबर आणखी काही बायका कामावर ठेवल्या. झहीराबादचा मोठा व्यापारी शिवराज याला सांगितलं, या हंगामाचा सगळा माल माझ्या हातचा घे. शिवराज म्हणाला, “दसऱ्यानंतर येतो. माल तयार दिसला तर तुमचा, नाही तर मी सरळ चीनचा उचलतो.” म्हणजे आता माल झाला तर कारखाना, नाही झाला तर दुकानही गेलं आणि सोनेरी कागदही गेला.

खंडेनवमीला यंत्राची पूजा झाली. झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, हळदकुंकवाचं ताट आलं. आणि इथे प्रश्न पडला, कुंकू लावायचं कुठे? मोटारीला बॉनेट असतं, तिजोरीला दार असतं. या यंत्राला ना तोंड ना पाठ. हिम्मतरावांनी सभोवार फिरून पाहिलं. सेल ज्यावरून सरकतात त्या वरच्या सपाट पत्र्यात ती काचेची गोल खिडकी होती, स्वच्छ, नितळ.

“हे कपाळ,” हिम्मतराव म्हणाले.

सगळ्यांना पटलं. यशवंतराव प्रसादाला आले होते, त्यांनाही पटलं. हिम्मतरावांनी तेलात कालवलेलं कुंकू घेतलं आणि अंगठ्याने ठसठशीत लावलं. यंत्र अगदी लक्ष्मीसारखं दिसायला लागलं. सगळ्यांनी हात जोडले.

दसऱ्याचं सोनं वाटून झालं, काम सुरू झालं आणि यंत्राने पहिला सेल बाजूला काढला. दुसरा काढला. तिसरा काढला. यंत्राच्या पडद्यावर फुलीमागून फुली. दुपारपर्यंत बाजूच्या डब्यात सेलांचा ढीग आणि पॅनेल एकही नाही.

आता सल्ले सुरू झाले. शेजारचा म्हणाला, व्होल्टेज कमी आहे. त्याच्या शेजारचा म्हणाला, जास्त आहे. वास्तूवाले पूर्वेच्या भिंतीकडे बोट दाखवून नुसतेच मान हलवू लागले. तारामतीने रोज सकाळी यंत्र पुसून लख्ख करायचा सपाटा लावला. त्रिवेणीबाई रोज पूजा करून कुंकू ताजं करू लागल्या, कारण संकटात देवाला विसरून कसं चालेल? फुल्या वाढतच गेल्या.

“मला अपेक्षितच होतं,” यशवंतराव म्हणाले. “आपण कारखाने काढावेत असं त्यांना का वाटेल? यंत्राला आतून कुलूप घातलंय. ठरावीक दिवस चालणार आणि मग बंद. याला म्हणतात औद्योगिक परावलंबन.”

हिम्मतरावांना तो शब्द नीट कळला नाही, पण झोंबला; लिनबाईंना फोन करायचाच नाही असं त्यांनी ठरवलं. तिकडे शिवराजचा निरोप आला, सोमवारी येतोय. सोमवारी सकाळी हिम्मतरावांनी फोन लावायला सांगितला आणि लिनबाईंचा चेहरा दिसताच कडाडले, “ये क्या धोकाधडी है बाई? मेरे कू बुद्धू समझे क्या?”

निशिगंधाने फोन स्वतःकडे वळवला आणि इंग्रजीत म्हणाली, “पप्पा विचारतायत, तुम्ही कशा आहात.” मग दबक्या आवाजात बापाला, “पप्पा, प्लीज, टोन! शी इज ट्रायिंग ना.”

लिनबाई म्हणाल्या, मी बरी आहे, पडदा दाखवा. पडदा पाहिला. बाद झालेले सेल दाखवा. पाहिले. पुन्हा पडदा. मग म्हणाल्या, “प्रत्येक सेलवर डाग अगदी एकाच जागी आहे. म्हणजे डाग सेलवर नाही. खालची काच दाखवा.”

निशिगंधाने फोन काचेवर धरला.

“हे लाल काय आहे?”

“कुंकू,” सगळी शेड एका आवाजात म्हणाली. आणि मग एकेकाचा चेहरा पडत गेला.

सगळ्यांनी ते पाहिलं होतं. रोज पाहत होते. रोज त्याला हात जोडत होते. तारामती तर ते कुंकू जपून, त्याच्या भोवतीभोवतीने काच पुसत होती. पण कुंकू म्हणजे काय घाण आहे? कुणाच्या मनातच आलं नाही.

“पुसून टाका,” लिनबाई म्हणाल्या.

कुणी हललं नाही.

लिनबाईंना वाटलं ऐकू गेलं नसेल. त्यांनी मोठ्याने सांगितलं, पुसा. सवाष्णींनी भरलेली शेड, समोर त्रिवेणीबाई, आणि कुंकू पुसा! तारामतीने हातातलं फडकं पाठीमागे लपवलं. हिम्मतरावांनी यशवंतरावांकडे पाहिलं. “प्रोफेसरसाहेब, तुम्ही पुसा. तुमचा कुठे विश्वास आहे?”

“प्रश्न विश्वासाचा नाही, संकेताचा आहे,” यशवंतराव म्हणाले आणि पार दारापर्यंत मागे सरकले.

“मग तुम्हीच पुसा की,” त्रिवेणीबाई नवऱ्याला म्हणाल्या.

“तुझ्या देखत? माझ्या हातून नाही व्हायचं,” हिम्मतराव म्हणाले. शिवराज वाटेत होता, धंदा बुडायच्या बेतात होता आणि हिम्मतराव जाधव बोटभर कुंकवापुढे हात बांधून उभे होते.

निशिगंधाने कसंबसं समजावलं, की हे पुसणं आमच्यात फार वाईट समजतात. लिनबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “आमच्या कारखान्यात पहिलं मोठं यंत्र आलं ते जर्मनीचं. मी तेव्हा शिकाऊ होते. आमच्या उस्तादांनी त्याला लाल फीत बांधली, शुभ म्हणून. ती फिरत्या रुळात अडकली. यंत्र बंद. आता ती कापणार कोण? लाल फीत कापायची म्हणजे आपल्याच हाताने नशीब कापायचं. जर्मन इंजिनियर खूप ओरडला. आम्ही सगळे असेच उभे होतो, तुम्ही उभे आहात ना, तसेच.”

“फिर?” हिम्मतराव राग विसरून पुढे सरकले.

“उस्तादांनी फीत सोडवून खांबाला बांधली. काढू नका. हलवा.”

हे मात्र त्रिवेणीबाईंना पहिल्या झटक्यात पटलं. “व्हा रे सगळे बाजूला!” त्यांनी पदर खोचला, आधी यंत्राच्या पुढच्या पायावर नवं कुंकू लावलं, हळद वाहिली, “ये बाई, इकडे येऊन बैस,” असं म्हणून नमस्कार केला आणि मग स्पिरिटचा बोळा घेऊन काच स्वच्छ केली. यंत्र सुरू झालं. पहिला सेल पुढे गेला. दुसरा गेला. तिसरा गेला. इकडे शेडमध्ये टाळ्या पडल्या, तिकडे फोनमध्ये लिनबाईंच्या पाठीमागे उभ्या असलेल्या चार माणसांनीही टाळ्या वाजवल्या.

हिम्मतराव खजील झाले. “माफ करना बाई, सबेरे जरा गरम हो गया था मैं.” निशिगंधाने या वेळी शब्दन् शब्द सांगितला.

“त्यात काय?” लिनबाई म्हणाल्या. “तुम्ही तर मी कशी आहे एवढंच विचारलंत.”

शिवराज दुपारी उशिरा आला, गरम गरम पॅनेलं त्याने हाताने उचलून पाहिली आणि पहिला माल टेम्पोत घालून घेऊन गेला. उरलेल्याचं, म्हणाला, चालतात कशी ते बघून सांगतो.

थोड्याच दिवसांनी चीनहून एक पुडकं आलं. आत एक जादा काच आणि एक स्टीलची छोटी पट्टी. पट्टीवर मधोमध लाल गोल छापलेला. सोबत दोन ओळी, की ही पुढच्या बाजूला बसवावी, आता भारतात जाणाऱ्या प्रत्येक यंत्राबरोबर आम्ही ही पाठवणार आहोत. हिम्मतराव पट्टी हातात घेऊन बसून राहिले. “बघितलंत प्रोफेसरसाहेब? चूक आपली, आणि शिकले ते! अशी माणसं जगाच्या पुढे जातील नाही तर काय होईल?” यशवंतरावांनी पट्टी उलटीसुलटी करून पाहिली आणि आयुष्यात प्रथमच व्याख्यान दिलं नाही.

आणि मग शिवराजचा फोन आला. “हिम्मतरावजी, लोकं दिवे परत आणून राहिले. तुमची पॅनेलं चार्ज होईनात. मी चीनचा माल मागवू का?”

हिम्मतराव होते तसे उठले. त्यांनी गाडी काढली, यशवंतरावांना आग्रहाने बरोबर घेतलं, म्हणजे खरं तर तेच आधी येऊन बसले होते, आणि झहीराबादजवळच्या एका वस्तीवर गेले. भामाआजी नावाच्या म्हातारीच्या गोठ्यावर त्यांचं पॅनेल होतं. म्हणजे असावं. दिसत नव्हतं. त्याच्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लाल मिरच्या आणि वडियालु, म्हणजे आपले सांडगे, वाळत घातले होते. शेजारच्या गोठ्यावर तेच. त्याच्या पुढच्यावर तेच.

“अडाणी!” यशवंतराव म्हणाले. “या देशात उद्योग का वाढत नाहीत ते आता कळलं का?”

हिम्मतरावही भडकले. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं. आणि त्यांना तो जर्मन आठवला. खूप ओरडला होता म्हणे. लिनबाईंनी त्याचं नावही लक्षात ठेवलं नव्हतं, फक्त त्याचं ओरडणं ठेवलं होतं. हिम्मतरावांनी तोंड मिटलं, चपला काढल्या आणि ओट्यावर मांडी घालून बसले.

“आजी, इथंच का वाळत घालता?”

“मग कुठं घालू?” भामाआजी म्हणाली. “काच चांगली तापते. कोंबडी वर चढत नाही, घसरते. धूळ बसत नाही. लई गुणाचं हाय बग तुमचं ते. दिवा तेवढा लागत नाही.”

हिम्मतराव हसले. मग त्यांनी विचारलं, सांडगे किती दिवस वाळवता, मिरच्या कधी, हात कुठवर पोचतो. वाकून, हात लांब करून स्वतः बघितलं. आजीने त्यांना भाकरी वाढली. यशवंतराव आधी नको म्हणाले आणि मग दोन खाल्ल्या.

शेडमध्ये परतल्यावर तारामती आणि हिम्मतरावांनी मिळून पॅनेलच्या चौकटीला बिजागरीवर उघडणारी एक जाळी बसवली. पॅनेलच्या शेजारी, तेवढ्याच उंचीवर. खाली काळा पत्रा, म्हणजे तापतो. कडा गुळगुळीत, म्हणजे कोंबडी घसरते. एका बाजूला ऊन दिव्याला, दुसऱ्या बाजूला ऊन सांडग्यांना. शिवराजने परत आलेली सगळी पॅनेलं जाळी लावून पुन्हा वाटली. मग त्याचा फोन आला, “तुमचं जाळीवालंच पाहिजे म्हणून राहिले लोकं. चीनच्या मालाला कोण हात लावंना. सगळा हंगाम आता तुमचाच समजा.” फोन ठेवून हिम्मतराव शेडबाहेर गेले. या वेळी धुळीचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

निशिगंधाने गंमत म्हणून त्या जाळीचा फोटो लिनबाईंना पाठवला. लगेच फोन आला. बाईंनी विचारलं, हे पिवळं काय वाळतंय? वडियालु कशाचे करतात? मग म्हणाल्या, “आमच्या यंत्रांवर झालेली पॅनेलं किती देशांत जातात. कुठून कुठून तक्रार येते, चार्ज होत नाही. कुणी मासे वाळवत असेल, कुणी मिरची. आम्हाला कुणी सांगितलंच नाही. हिम्मतरावसाहेब, या जाळीचं ड्रॉइंग आम्हाला मिळेल का?”

शेडमध्ये सगळे फोनभोवती गोळा झाले. निशिगंधाने प्रश्न मराठीत सांगितला. हिम्मतरावांनी तो ऐकला, पण तिला पुन्हा सांगायला लावला. मग आणखी एकदा, यशवंतरावांना नीट ऐकू यावं म्हणून.

“त्यांना म्हणावं, विचार करून कळवतो,” हिम्मतराव भारदस्त आवाजात म्हणाले. फोन बंद झाला. चहा आला. हिम्मतरावांनी ठरवलं होतं, चांगलं आठवडाभर ताटकळत ठेवायचं, कारखानदार माणसाने असं मागितल्या मागितल्या देऊ नये.

चहा निवायच्या आत त्यांनी निशिगंधाला हाक मारली. “दे पाठवून बाईंना. वाट बघत असतील.”